पणजोबा फौजेत होते, पण कागद कुठे आहे?

मनीषनगरच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान लावताना एखाद्या घरात जुनी लोखंडी पेटी उघडली जाते. आत एक पदक आणि घडीवर फाटलेला एक कागद. 'पणजोबा पलटणीत होते' एवढेच घरात सर्वांना ठाऊक असते. कोणती पलटण, कोणते वर्ष, कुठली लढाई, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. कामठीची छावणी जवळ असलेल्या नागपुरात ही गोष्ट नवलाची नाही. मग शोध घ्यायचा कसा? आणि तो इतका अवघड का?

पेन्शनचे कागद का महत्त्वाचे?

पेन्शन दरमहा द्यायची तर पैसे योग्य माणसालाच मिळतात याची सरकारला खात्री लागते. त्यामुळे नाव, गाव, वय, नोकरीची वर्षे, वारस अशी माहिती लिहून ठेवली जाते. ब्रिटनमध्ये याचा मोठा साठा आहे. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात १७६० ते १९१३ या काळातील सैनिकांचे कागद आहेत. स्कॉटलंडमधून भरती होऊन पुढे कॅनडात स्थायिक झालेल्या सैनिकाच्या पणतूला त्यात पूर्वजाचे जन्मगाव, आधीचा धंदा, उंची, अगदी डोळ्यांचा रंगही सापडू शकतो.

पण तिथेही एक मेख आहे. १८८३ पूर्वीचे हे कागद मुख्यतः पेन्शन मिळालेल्यांचेच आहेत. पेन्शनशिवाय घरी परतलेला सैनिक तिथेही सहसा सापडत नाही. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या बऱ्याच फायली १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या, तेव्हा पेन्शन खात्याकडे असलेल्या फायलींनी त्यातली काही भर भरून काढली.

महाराष्ट्रात पेन्शनने काय दिले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. निवृत्तीनंतर ते कुटुंबासह दापोलीला गेले. तिथे लष्करी पेन्शनरांची वस्तीच होती. गोपाळबाबा वलंगकरही माजी सैनिक आणि दापोलीचेच. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा त्याविरुद्ध १८९४ चा अर्ज त्यांनीच तयार केला. पलटणीतले शिक्षण आणि हातातली पेन्शन यांमुळे माणूस गावच्या मेहेरबानीवर राहत नव्हता. म्हणून असा कागद सापडणे हा केवळ हौसेचा विषय नाही. घराने मान कधी वर केली, त्याची ती नोंद असते.

कामठीत काय घडले?

१९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. पहिली बटालियन बेळगावात, दुसरी कामठीत. पण लढाई संपल्यावर युद्धकाळात भरती झालेल्या असंख्य जवानांना घरी पाठवण्यात आले. जवानाला सेवा पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची नोकरी लागते. १९४१ ला भरती होऊन १९४६ ला सुटलेल्याची नोकरी भरते पाच वर्षे. जखमेमुळे मिळणारी पेन्शन सोडली, तर त्याच्या नावाची पेन्शन फाइलच तयार झाली नाही.

यात एक विचित्र गोष्ट आहे. युद्धात मरण पावलेल्या सैनिकाचे नाव राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत शोधता येते. जो जिवंत परतला आणि शेतीला किंवा गिरणीत लागला, त्याचा मात्र पत्ता लागत नाही.

शोध कुठून सुरू करायचा?

- घरातला डिस्चार्जचा कागद आणि पदके पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सहसा सैनिक क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. सैनिक क्रमांक हीच खरी किल्ली.
- पेन्शन होती, तर पेन्शन मंजुरीचा आदेश किंवा जुने बँक-पोस्टाचे पुस्तक शोधा.
- अर्ज योग्य रेकॉर्ड ऑफिसला करा. महार रेजिमेंटचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावात. कामठीत आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. तिथून सुरुवात केली तर फेरी वाया जाण्याची शक्यता जास्त.
- जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मासिक अनुदान देते. त्यासाठी सेवेचा पुरावा द्यावा लागतो.

मग करायला काय हवे?

हा शेवटचा मुद्दाच कळीचा आहे. सैन्याने ज्यांची पेन्शन फाइल केली नाही, त्यांच्या सेवेचा पुरावा या अनुदानाच्या अर्जांत येतो. १९४५ मध्ये १८ वर्षांचा असलेला जवान आज शंभरीच्या घरात आहे. लाभार्थी संपले की अनुदान थांबते आणि थांबलेल्या योजनेच्या फायली रद्दीच्या वाटेला लागतात.

त्याआधी राज्य सरकारने हे अर्ज जिल्हावार स्कॅन करून नाव, गाव आणि पलटण यांची सूची करायला हवी. सातबारा ऑनलाइन करणाऱ्या राज्याला हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. खासगी तपशील झाकून सूची खुली करता येईल, पूर्ण फाइल फक्त वारसांना देता येईल.

तोवर घरच्यांनी एवढे तरी करावे. पेटीतल्या कागदाचा आजच फोटो काढावा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला पलटणीचे नाव विचारून ठेवावे.