अर्जात नसलेला रकाना

इंडियानातल्या आमच्या मराठी मंडळाच्या क्रीडा शिष्यवृत्तीचे अर्ज वाचायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलं. नाव, जन्मतारीख, खेळ, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी, सध्याचं प्रशिक्षण केंद्र, सध्याचे प्रशिक्षक, पालकांचं उत्पन्न. एका अर्जात मूळ गाव गडचिरोली जिल्ह्यातलं होतं आणि सध्याचं केंद्र पुण्यातलं. या दोन रकान्यांच्या मधे काहीच नव्हतं. कागद उलटून पाहिला, मागची बाजू कोरी. पुण्याला पोचण्याआधी या मुलीला पहाटे उठवून मैदानावर नेलं कोणी, तालुक्याच्या स्पर्धेला एसटीचं भाडं कोणी भरलं, पहिले बूट कोणी आणून दिले, याची आमच्या अर्जाला उत्सुकताच नाही. दोष मुलीचा नाही. आपण विचारलं नाही, तिने लिहिलं नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. तयार खेळाडू जो उचलतो, त्याने तो ज्या मैदानावर तयार झाला त्या मैदानाचं देणं चुकवावं. आणि आपलं मंडळ, कितीही सद्भावनेने का असेना, उचलणाऱ्यांतच मोडतं.

मी चंद्रपूरचा, पण हे मला सुचलं ते इथे, इंडियानात. टेरे होट गावची इंडियाना स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे बास्केटबॉलपटू लॅरी बर्डचं कॉलेज, एवढीच तिची बाहेर ओळख. २०२३-२४ च्या मोसमात त्यांच्या बास्केटबॉल चमूने ३२ सामने जिंकले. जाड चष्मा लावून खेळणारा रॉबी अविला तेव्हा इथल्या शाळकरी पोरांचा देवच झाला होता, माझ्या मुलाचाही. एप्रिलच्या सुरुवातीला इंडियानापोलिसमध्ये एनआयटी स्पर्धेची अंतिम लढत झाली आणि सीटन हॉलकडून आमचे लोक दोन गुणांनी हरले. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडून परतलो. मग प्रशिक्षक सेंट लुईस युनिव्हर्सिटीत गेले. त्यांच्यामागे अविला आणि आणखी एक जण गेला. दोघे टेक्सासला गेले, एक झेवियरला. पुढचा मोसम सुरू झाला तेव्हा पहिल्या पाचांतला एकही टेरे होटमध्ये उरला नव्हता. प्रशिक्षकाच्या करारात मुदतीआधी सोडून गेल्यास भरपाईचं कलम असतं. खेळाडू गेले ते मात्र फुकट.

ज्यांना या खेळाची गोडी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१८ मध्ये 'ट्रान्स्फर पोर्टल' सुरू झालं, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावता येऊ लागले. २०२४ मध्ये कितीही वेळा कॉलेज बदलायची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर मोठी विद्यापीठं आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकतात. पूर्वी प्रशिक्षक सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या हातचं जेवून त्याला गळ घालायचा आणि मग चार वर्षं घडवायचा. आता बावीस वर्षांचा, आकडे सिद्ध झालेला गडी वसंत ऋतूत उचलता येतो. रोप लावून पाणी घालत बसायला कोणाला सवड आहे?

मुलांनी जाऊ नये असं मी म्हणत नाही. खुद्द बर्ड १९७४ मध्ये ब्लूमिंग्टनचं मोठं कॉलेज महिन्याभरात सोडून गावी परतला, गावच्या कचरागाडीवर काम केलं, मग टेरे होटला आला आणि १९७९ साली त्या कॉलेजला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. जागा बदलणं त्याच्या भल्याचंच ठरलं. मुलांना पैसे मिळू लागले हेही उशिरा झालेला न्यायच आहे, कारण त्यांच्या जिवावर बाकी सगळे कित्येक वर्षं गब्बर होत होते. माझं दुखणं उरलेल्या टेरे होटचं आहे.

आणि हा प्रकार अमेरिकेचा शोध आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जावं. झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्यांची कार्यालयं तिथे ओळीने आहेत. धानाची रोवणी चालू असते आणि इकडे कंपन्यांच्या हंगामाची बांधणी: नायिका कोण, विनोदी नट कोण, गाणारा कोण, एका 'नाईट'चे किती. मागच्या वर्षी एका कंपनीच्या फलकावर असलेला चेहरा यंदा समोरच्या दाराशी दिसतो. दिवाळीनंतर गावोगावची मंडळं येऊन नाटकं ठरवतात आणि रात्रभर चालणारे प्रयोग सुरू होतात. पण झाडीपट्टीच्या या पोर्टलमध्ये एक मोठा फरक आहे. कलावंत कंपनी बदलतो, मुलूख बदलत नाही. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच मुलखात नाटकं करून. ज्या गावाने नट घडवला त्या गावाला तो हिवाळ्यात पुन्हा बघायला मिळतो, आणि त्याचं बघून गावचं एखादं पोट्टं तोंडाला रंग लावतं.

खेळात तसं होत नाही. खेळाडू एकदा गेला की गेला. कोरची किंवा एटापल्लीच्या आश्रमशाळेतलं पोरगं प्रकल्पस्तरीय स्पर्धेत चमकतं, विभागाला जातं, राज्याला जातं, कोणाच्या तरी नजरेत भरतं. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीची चाचणी होते: उंची, वजन, तीस मीटर धाव, शटल रन, मेडिसिन बॉल, उभी उडी, आठशे मीटर. निवड झाली तर वसतिगृह, आहार, प्रशिक्षक सगळं मिळतं, आणि मिळायलाच हवं. इकडे शाळेच्या कबड्डीच्या चमूतून मुख्य चढाईवाला गेलेला असतो. सरांनी पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. त्या सरांचं नाव कुठल्याच बातमीत येत नाही.

का येत नाही, यावर मी बराच विचार केला आणि माझं बोट एका वाक्यावर येऊन थांबलं: 'आदिवासी मुलं जात्याच काटक असतात.' हे आपण कौतुकाने म्हणतो. मंडळाच्या बैठकीतही एकाने म्हटलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. पण पोरगं जर जात्याच काटक असेल, डोंगर चढून, पाणी वाहून आपोआप धावपटू होत असेल, तर त्याला घडवणारा माणूसच चित्रातून पुसला जातो. मग जंगलातल्या मोहाच्या फुलांसारखं पोरगं नुसतं वेचून आणायचं उरतं, आणि वेचलेल्याचे पैसे कोण कोणाला देतो? कविता राऊतला आपण 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणतो. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा तिच्या पाड्यावरच्या पायपिटीच्या गोष्टी सगळ्यांनी चवीने सांगितल्या. नाशिकला तिच्याकडून वर्षानुवर्षं सराव करून घेणाऱ्या विजेंद्रसिंगांचं नाव किती जणांना आठवतं, हे आपापल्या घरी विचारून बघा.

चंद्रपूरने एक चांगला धडा स्वतःच घालून दिला आहे. 'मिशन शौर्य'. ऑगस्ट २०१७ मध्ये आश्रमशाळांतल्या मुलांचं प्रशिक्षण सुरू झालं. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह अशा टप्प्यांनी गाळणी लागत गेली. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख केला, तेव्हा मुलांच्या नावांआधी 'चंद्रपूरची आश्रमशाळा' आली. मला त्या पाच नावांइतकंच हे महत्त्वाचं वाटतं. इथे कोणी पुण्याहून येऊन तयार गिर्यारोहक उचलून नेला नव्हता. वर्गात बसलेल्या पोरांतून चमू बांधला गेला आणि शिखर सर झालं तेव्हाही तो शाळेचाच चमू राहिला.

पुढे 'मिशन शक्ती'ची घोषणा झाली. बल्लारपूरच्या कार्यक्रमाला आमिर खान आला होता आणि लक्ष्य २०२४ च्या ऑलिंपिक पदकाचं होतं. पॅरिसहून महाराष्ट्रात वैयक्तिक पदक आलं ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं. तो २००९ साली क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता. म्हणजे पदकाला पंधरा वर्षं लागली. पाच-सहा वर्षांत ऑलिंपिकपटू उगवत नसतो, हे बल्लारपूरच्या मंडपातही कोणाला तरी ठाऊक असणारच. पण मंडपात आकडा हवा असतो. बल्लारपूरजवळ विसापूरचं क्रीडासंकुल मात्र खरंच उभं राहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा तिथे झाल्या, आणि आमच्या लहानपणी जिथे कोळशाची धूळ आणि कागद गिरणीचा वास होता त्या बाजूला देशभरातली मुलं धावली याचा मला अभिमान आहे. तरी भामरागडहून विसापूरला यायचं तर आल्लापल्लीवरून अर्धा दिवस जातो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. अशा दिवसांत चाचणीची तारीख लागली तर त्या पोराची उंची कोण मोजणार? त्याला रोज बघणारा माणूस तिथेच राहणारा असावा लागतो.

विद्यापीठाचंही असंच. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं तोवर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं नागपूर विद्यापीठाखाली होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं तर सिरोंच्याच्या मुलाने नागपूरच्या मैदानांवर वाढलेल्या मुलांना मागे टाकून चमूत शिरायचं. आता या दोन जिल्ह्यांचा स्वतःचा चमू जातो. नागपूरकर मित्र म्हणतात, यामुळे दर्जा घसरला. घसरला असेल. पण वर्षाला इतक्या मुलांना विद्यापीठाचा बनियन अंगात घालायला मिळतो, त्यांतली काही शिक्षक होऊन तालुक्यात परततात, आणि उद्याचे सर त्यांच्यातूनच येतात. नाहीतर आमच्याकडे धावण्याचा शेवट पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरवर ठरलेलाच असतो. (त्यात वाईट काही नाही. भरतीला निवड झाली की घरात पगार येतो, आणि गावात राहून धावायला शिकवणारेही पुष्कळदा तेच निघतात.)

आता देण्याघेण्याचं बोलू. फुटबॉलमध्ये फिफाने २००१ पासून नियम केला आहे: खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात विकत गेला तर रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला शिकवलं त्यांच्यात वाटायचे. ब्राझीलच्या एखाद्या गल्लीतल्या क्लबाचं छप्पर अशा पैशांतून होतं. अमेरिकन कॉलेजांना हे सुचलेलं नाही. आपल्याला सुचायला हरकत काय?

माझा प्रस्ताव असा. आपण ज्या खेळाडूला शिष्यवृत्ती देतो त्याच्या रकमेच्या पाव हिश्शाइतका पैसा, त्याच्या रकमेतून कापून नव्हे तर वरून, त्याच्या पहिल्या मैदानासाठी काढावा. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तिकिटामागे दोन डॉलर वाढवले तरी भागेल. जेवणात एक गोड पदार्थ कमी केला तरी भागेल, पण ते सुचवून मी कार्यकारिणीवर निवडून येणार नाही.

खजिनदारांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे. परदेशातून पैसा घ्यायचा तर तिकडच्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि एका संस्थेला तो दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणजे मधे एखादी छत्रीसंस्था ठेवून शाळाशाळांना वाटप करायची जुनी पद्धत बंद. तेव्हा या दोन जिल्ह्यांत स्वतः प्रत्यक्ष काम करणारी, नोंदणी असलेली एखादी संस्था निवडावी लागेल, आणि तिच्याशी ठरवावं लागेल की पैसा तीनच गोष्टींवर जाईल: सरांचं मानधन, एसटीचं भाडं, सकाळचा नाश्ता. चषक नाही, फलक नाही, टी-शर्टवर मंडळाचं नाव नाही. टी-शर्टवरून मागच्या वेळी किती वाद झाला ते सगळ्यांच्या लक्षात असेल.

दुसरा आक्षेप: 'पहिले सर कोण हे ठरवणार कसं? दहा जण पुढे येतील.' येऊ देत. मूल सांगेल. कोणत्याही खेळाडूला विचारा, तो एका क्षणात नाव सांगतो. आमच्या शाळेत मला व्हॉलीबॉल शिकवणारे सर गणिताचे होते. खेळाचा तास त्यांना दिलेलाच नव्हता. मी पुढे काही दिवे लावले नाहीत, जिल्ह्याच्याही वर गेलो नाही. पण नाव आजही विचारलंत तर एका क्षणात सांगेन.

येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला वर सांगितलेल्या पाव हिश्शाचा. त्यावर चर्चा होईल, तो कदाचित पुढच्या वर्षावर ढकलला जाईल. दुसऱ्याला एक पैसाही लागत नाही: अर्जात एक रकाना वाढवायचा, 'पहिली शाळा आणि पहिले शिक्षक'. अनुमोदनासाठी एक सदस्य हवा आहे. तो चंद्रपूरचाच असला पाहिजे असं नाही.