घाट आणि गिअर

फ्रान्समधील सें-एतिएन हे एकेकाळचे कोळशाच्या खाणींचे, रेशमी फितींचे आणि सायकलींच्या कारखान्यांचे शहर. शहराची शेवटची घरे मागे पडली की दक्षिणेचा रस्ता पिला डोंगरात चढू लागतो. वाटेत प्लांफ्वा हे गाव, पुढे सूचिपर्णी वृक्षांचे दाट रान आणि बारा-तेरा किलोमीटरनंतर १,१६१ मीटर उंचीवरील रेप्युब्लिक खिंड. पहाटे निघावे, खिंड ओलांडून पलीकडच्या आडवाटांनी हिंडावे आणि सांजावता परतावे, अशा सहलींशी पॉल द व्हिव्ही यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

द व्हिव्ही यांचा जन्म १८५३ चा. रेशमाचा व्यापार सोडून ते सायकलींच्या व्यवसायात आले आणि १८८७ मध्ये त्यांनी सायकलस्वारांसाठी मासिक सुरू केले. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहीत. आहाराने ते शाकाहारी होते. ऐन फ्रान्समध्ये ही गोष्ट काही लहान नव्हे.

त्या काळी सायकलीला एकच गिअर असे. त्यामुळे पहिल्याच चढावर सहलीची फाटाफूट होई. दणकट तरुण पुढे निघून जात आणि बाकीचे सायकल ढकलत, धापा टाकत मागे राहत. व्हेलोसिओंना यावरचा उपाय यंत्रात दिसला. पायडलकडील चक्राला ४८ दाते आणि मागच्या चक्राला १६ असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरते. दोन्हींचे दाते सारखे केले की ते एकदाच फिरते. वेग तिपटीने घटतो खरा, परंतु पायावरचा भारही तितकाच उतरतो. घाट तोच राहतो. तो लहान लहान घासांत खाता येतो, एवढेच.

ही साधी गोष्ट पुष्कळांना रुचली नाही. ‘टूर द फ्रान्स’चे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांपुरतीच ठीक होती. १९०२ मध्ये डोंगरी रस्त्यांवर झालेल्या एका चाचणीत मार्त हेस या स्त्रीने तीन गिअरच्या सायकलीवरून सारे चढ पाय न टेकता पार केले, तरीही देग्रांज बधले नाहीत. त्यांच्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. अभिमान यंत्रापेक्षाही हळू बदलतो, दुसरे काय!

व्हेलोसिओंनी सहलीसाठी घालून दिलेले नियम आजही सांगितले जातात. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, विश्रांती थोडी घ्यावी, अंगातले त्राण संपेपर्यंत ताणू नये. प्रवासात मद्य, मांस आणि तंबाखू टाळावे. सर्वांत अवघड नियम शेवटचा : केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नये. मागून कुणी पुढे निघून गेला की पाय आपोआप जोर धरतात. संध्याकाळी परतताना त्याची किंमत गुडघे मोजतात.

१९२२ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ याच घाटावर सायकलस्वारांचा मेळावा भरला. तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. पुढे आठ वर्षांनी शहरातच ट्रामच्या अपघातात त्यांचा अंत झाला.

खिंडीत आज त्यांचा स्मृतिपाषाण उभा आहे. चढ तेथे संपतो. सायकल टेकवून, घाम पुसत, मागून येणाऱ्या सोबत्यांची वाट पाहायला ती जागा सोयीची आहे.