सभासद गेली, पण तिचे लेखन?

महाराष्ट्र मंडळ असो की वसाहतीतले महिला मंडळ, स्मरणिका काढायची म्हटली की घरोघरून मजकूर जमा होतो. कुणी कविता देते, कुणी पाककृती, कुणी माहेरच्या आठवणी. खरा प्रश्न उभा राहतो तो देणारी सभासद मंडळ सोडून जाते तेव्हा. कधी कारण बदलीचे असते, कधी मतभेदाचे, तर कधी घरातल्या दुःखाचे. जाताना ती लिहून कळवते, ‘‘माझे सर्व लेखन काढून टाका.’’ कार्यकारिणीत लगेच दोन तट पडतात. ‘‘एकदा दिले ते मंडळाचे झाले,’’ असे एक तट म्हणतो. ‘‘तिचे आहे, देऊन टाका,’’ असे दुसरा.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे लेखनाची पहिली मालक लिहिणारी व्यक्तीच असते. नोकरीचा भाग म्हणून केलेले लेखन वेगळे. पण हौसेने लिहिणारी सभासद ही मंडळाची नोकर नव्हे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ नुसार तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तेव्हा ‘मजकूर दिला म्हणजे हक्कही दिला’ ही समजूत चुकीची आहे. तिने परवानगी दिली ती त्या स्मरणिकेपुरती. नव्या आवृत्तीत तोच मजकूर घ्यायचा तर तिला पुन्हा विचारले पाहिजे.

मात्र परवानगीने छापून वाटलेल्या प्रती घरोघर जाऊन परत आणा, असे मंडळाला सांगता येणार नाही. फ्रान्समध्ये याच १९५७ सालच्या कायद्याने लेखकाला, प्रकाशकाला हक्क दिल्यानंतरही, आपली कृती मागे घेण्याची मुभा दिली. पण प्रकाशकाचे नुकसान आधी भरून देण्याच्या अटीवर. आपल्या कायद्यात असा स्पष्ट हक्क नाही.

रागाच्या भरात काही मंडळी तिसरीच वाट धरतात. मजकूर ठेवायचा आणि नाव तेवढे खोडायचे! हे सर्वांत वाईट. कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड थांबवण्याचा हक्क कलम ५७ ने लेखकाला दिला आहे, आणि कॉपीराइट विकल्यावरही तो उरतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या कादंबरीचे चित्रपटाचे हक्क दिले होते. तरीही कथेत झालेल्या बदलांबद्दल त्या न्यायालयात गेल्या, आणि १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या कलमाचे महत्त्व ठळकपणे मांडले. अर्थात, ‘मजकूर राहू द्या, पण माझे नाव नको’ असे तिनेच लिहून दिले, तर गोष्ट वेगळी.

सगळेच पुसता येते असेही नाही. सभेच्या इतिवृत्तात ‘अमुक ठराव अमुक बाईंनी मांडला’ अशी नोंद असेल तर ती तशीच राहावी. ती घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. तिच्या लेखाला दुसऱ्या कुणी उत्तर लिहिले असेल तर ते उत्तर लिहिणाऱ्याचे. लेख गेल्याने ते अर्धवट वाटेल, म्हणून आधी त्या व्यक्तीलाही विचारावे. दोघींनी मिळून लिहिलेल्या मजकुराचा निर्णय एकीने घेऊ नये. सभासद यादीतला पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक मात्र पुढच्या छपाईत न चुकता वगळावा.

सगळ्यात आधी तिची वही, हस्तलिखित, घरचे छायाचित्र परत करावे. कित्येकदा तिला तेवढेच हवे असते. नेमके काय काढायचे, हे आपलेपणाने विचारावे. संसारातली व्यथा कवितेत लिहून बसलेल्या बाईला पुढे ती कविता शेजारणीच्या हातात नको असते, इतकी साधी गोष्ट त्यामागे असू शकते. काय होईल आणि काय होणार नाही, हे तिला लेखी कळवावे. भांडण विकोपाला जाते ते बहुधा नकारामुळे नव्हे, उत्तरच न मिळाल्यामुळे.

पुढच्या वर्षी मजकूर मागवतानाच पत्रात दोन ओळी घालाव्यात: कुठे छापणार, किती वेळा छापणार आणि सभासदत्व संपल्यावर त्याचे काय होणार. त्याखाली देणारीची सही घ्यावी. गोडीगुलाबीच्या दिवसांत लिहिलेल्या या दोन ओळी पुढे दोन्ही बाजूंचे मन आणि मान राखतात.