काळोखांतलें माप

ह्या महिन्याच्या पानाचा विषय पाहून आमच्या पुष्कळ वाचकभगिनींच्या कपाळास आठी पडेल, हें मी जाणून आहें. विषय आहे शेवंडीचा. आणि तीहि रात्रींच्या वेळीं समुद्रांत बुडी मारून नुसत्या हातांनीं धरावयाच्या शेवंडीचा. ज्या घरांत चातुर्मासांत कांदालसूणहि उंबऱ्याबाहेर राहतो, त्या घरांत हा विषय काढावा कसा, असा विचार मींहि केला. परंतु भक्ष्याभक्ष्याचा वाद क्षणभर बाजूस ठेवून पुढील हकीकत वाचावी, अशी विनंति आहे. कारण तिच्यांत मला जें सांपडलें, तें खाण्याच्या पदार्थांपैकीं नव्हे.

गेल्या वर्षीं आम्ही उभयतां कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें कन्येकडे सहा महिने राहून आलों. तिचा थोरला मुलगा बावीस वर्षांचा आहे आणि त्यानें पाणबुड्याचें रीतसर शिक्षण घेतलें आहे. ऑक्टोबर लागतांच स्वारी विजेऱ्या, हातमोजे आणि जाळीची पिशवी काढून बसली. विचारतां कळलें कीं, शेवंडींचा हंगाम उघडला. त्याच्या आजीनें एकच प्रश्न केला, "रात्रीं समुद्रांत जायचें, आणि तेंहि जीव घ्यायला?" नातू माझ्याकडे पाहूं लागला, आजीहि माझ्याकडे पाहूं लागली. जन्मभर शाळामास्तरकी केलेल्या माणसाकडे न्यायनिवाड्याचें काम असें आपोआप चालत येतें. मी म्हणालों, "पत्रिका तपासल्यावांचून गुण देणें परीक्षकास शोभत नाहीं. आधीं मला सारें समजावून सांग, आणि मग एकदां बरोबर ने."

शेवंड हा शब्द आपल्या कोंकणांतला. अमरकोशाच्या वारिवर्गांत कुलीर, कर्कटक असे खेकड्याचे पर्याय आहेत. शेवंड ही त्या खेकड्याचीच दूरची आप्त, पण हिला नांग्या नाहींत. कॅलिफोर्नियाच्या शेवंडीला शास्त्रज्ञ पॅन्युलिरस इंटरप्टस म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्यावर मिळणारी पॅन्युलिरस पॉलिफॅगस ही तिची चुलतबहीण. नांग्या नसल्यामुळें तिनें आपलें रक्षण दुसऱ्या तीन गोष्टींवर सोंपविलें आहे: अंगावरचे कांटे, अंगापेक्षां लांब आणि जाड अशा दोन मिशा, आणि शेपटीचा फटकारा. धोका दिसतांच ती शेपटी पोटाखालीं झटक्यानें ओढते आणि बाणासारखी मागल्या मागें निघून जाते. मिशांच्या मुळाशीं एक घासणी असते. ती डोळ्यांखालच्या कडेवर अडत-सरकत ओढली कीं करकर असा आवाज निघतो. सारंगीच्या तारेवर गज जसा अडून सरकतो, अगदीं तसेंच हें घडतें, असें शीला पटेक ह्या विदुषीनें २००१ सालीं कॅरिबियन समुद्रांतील शेवंडीवर प्रयोग करून दाखविलें. अंगाचें जुनें कवच टाकून शेवंड नवें धारण करते. त्या काळांत ती मऊ व दुबळी असते, पण हा आवाज तेव्हांहि तिला काढतां येतो.

तिचें बालपण याहूनहि नवलाचें आहे. अंड्यांतून निघालेलें पिलूं कांचेसारखें पारदर्शक आणि पानासारखें चपटें असतें. त्याला फायलोसोमा म्हणतात. ग्रीक भाषेंत ह्याचा अर्थ पर्णदेह. हा पर्णदेह सात ते दहा महिने भर समुद्रांत प्रवाहाबरोबर वाहत राहतो, मग किनाऱ्याजवळच्या समुद्रगवतांत उतरतो आणि तेथें शेवंडीचें रूप घेतो. पुढें खाण्यास योग्य अशा कायद्याच्या मापास पोहोंचावयास तिला सात वर्षें किंवा त्याहूनहि अधिक काळ लागतो. आपल्याकडे मूल मुंजीचें होतें तेवढा हा काळ!

दिवसा शेवंडी खडकांच्या कपारींत दडून असतात; बाहेर दिसतात त्या केवळ मिशा. सूर्य मावळला कीं त्या भक्ष्य शोधावयास उघड्यावर येतात, म्हणून शिकाऱ्यानेंहि रात्र धरावी लागते. काळोख्या रात्रीं, अमावास्येच्या सुमारास, त्या अधिक फिरतात, असें पाणबुडे सांगतात. विजेरीचा झोत एकदम डोळ्यांवर टाकावयाचा नाहीं, बाजूनें, हळूच. मिशा धरावयाच्या नाहींत. त्या तुटून हातांत राहतात आणि शेवंड निघून जाते. वरून एकदांच, पण निश्चयानें, पाठीचें कवच खडकाशीं दाबून धरावयाचें. चांचपडणाऱ्या हाताला ती दुसरी संधि देत नाहीं. भाला, आंकडा, फांसा ह्यांपैकीं कांहींहि पाणबुड्यानें वापरूं नये असा त्या प्रांताचा कायदा आहे. होडींतून कड्याची जाळी टाकणाऱ्यांचे नियम निराळे. पाण्यांत उतरणाऱ्यास मात्र दोन हात, आणि तेवढेच.

आणखीहि नियम आहेत. हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो आणि मार्चच्या मध्यानंतर मिटतो, म्हणजे उन्हाळ्यांतील अंडीं धरण्याचा काळ वगळला जातो. दर माणशीं दिवसाला सात, अधिक नाहीं. पाण्यांत उतरण्यापूर्वीं नोंदपत्रावर तारीख आणि ठिकाण लिहावयाचें, बाहेर आल्यावर किती ठेवल्या तें लिहावयाचें, आणि हंगाम संपल्यावर तें पत्र सरकारांत भरावयाचें. एकहि मिळाली नसली तरी भरावयाचें. ठेवलेल्या शेवंडीच्या शेपटीचा मधला पंखा छेदून खूण करावयाची, म्हणजे हौसेची शिकार बाजारांत विकली जाऊं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे माप. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत सरळ रेषेंत सव्वातीन इंच भरलेच पाहिजेत. नातवानें मला पितळेची लहानशी पट्टी दाखविली. तिचें एक टोक खोबणीच्या कडेस टेकवावें. दुसरें टोक कवचापलीकडे खालीं उतरलें तर शेवंड लहान, कवचावरच अडलें तर घेण्यास योग्य. हें मोजणें तेथेंच, पाण्यांत करावयाचें, आणि लहान असेल ती पिशवींत न घालतां तत्काळ सोडावयाची. हेतु उघड आहे: धरली जाण्यापूर्वीं मादीला निदान एकदां तरी अंडीं घालतां यावीं.

एका शुक्रवारीं रात्रीं आम्ही ला होया येथील किनाऱ्यावर गेलों. तेथील समुद्राचे कांहीं भाग २०१२ पासून राखीव आहेत, त्यांत कशासहि हात लावतां येत नाहीं. म्हणून राखीव हद्दीबाहेरची जागा त्यानें नकाशा पाहून निवडली होती. बरोबर त्याचा एक मित्र होता. पाठीवर हवेचें नळकांडें, अंगांत जाड रबरी पोषाख, आणि मनगटास बांधलेली ती पितळी पट्टी, अशा थाटांत दोघे आठ वाजतां पाण्यांत शिरले. मी घडीच्या खुर्चीवर घोंगडी पांघरून बसलों. पाण्याखालून दोन हिरवट ठिपके सरकतांना दिसत होते. कधीं जवळ येत, कधीं दूर जात, कधीं केल्प नांवाच्या उंच समुद्रवनस्पतींच्या राईंत दिसेनासे होत. नऊला परत येण्याचा करार होता.

नऊ वाजून दहा मिनिटांनीं ठिपका एकच राहिला.

हंगामाच्या आरंभीं पाणबुडे दगावल्याच्या बातम्या त्या किनाऱ्यावर एकाहून अधिक वर्षीं आलेल्या आहेत, हें जांवईबापूंनीं मला निघतांना हळूच सांगितलें होतें. शिकारीच्या नादांत हवेचा काटा पाहावयाचा राहतो, हें मुख्य कारण. मीं रामरक्षा म्हणावयास आरंभ केला. ती पाठ करण्यास साठ वर्षें झालीं, पण त्या रात्रीं दोनदां अडखळलों. साडेनऊच्या सुमारास केल्पाच्या पलीकडे पाण्यावर दोन डोकीं दिसलीं आणि मग दोघे उताणे पोहत सावकाश किनाऱ्याला लागले.

झालें होतें तें असें. मित्राला कपारींत एक मोठी शेवंड दिसली. तो खांद्यापर्यंत आंत शिरला. विजेरी खडकावर आपटून विझली, आणि हवेचा काटा परतण्याच्या खुणेखालीं गेलेला त्याला कळला नाहीं. नातवानें त्याचा पाय धरून त्याला बाहेर ओढलें. शेवंड अर्थातच निसटली. दुसरी एक मित्राच्या पिशवींत होती. नातवाची पिशवी मात्र रिकामी.

"तुला एकहि मिळाली नाहीं?" मीं विचारलें.

"एक मिळाली होती, आजोबा. चांगली धरली होती. पण पट्टी खालीं उतरली. नखाच्या जाडीइतकी उणी होती."

"तेथें पाहत कोण होतें?"

"कोणी नाहीं. पण पट्टी होती ना."

हें उत्तर त्यानें मोठेपणानें दिलें नव्हतें. ओला पोषाख उतरवितांना, दांत वाजत असतां, सहज दिलें होतें. पण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, आणि कां आली नाहीं हें ह्या पानावर लिहिणें मला प्राप्त आहे.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वीं वार्षिक परीक्षेच्या संस्कृताच्या पत्रिका मीं घरीं तपासीत होतों. मध्यरात्र उलटली होती, घरांत सर्व निजले होते. एका आप्ताच्या मुलास उत्तीर्ण होण्यास दोन गुण उणे पडत होते. मीं विभक्तींच्या प्रश्नाकडे पुनः गेलों आणि दोन गुण वाढविले. दोन गुण म्हणजे काय, नखाची जाडी! त्याच गठ्ठ्यांत दुसऱ्या एका मुलास एकच गुण उणा होता. तो माझा कोणी नव्हता. त्याच्या पत्रिकेस मीं नियम लावला. पुढें त्याच्या वडिलांनीं त्याला शाळेंतून काढून दुकानावर बसविलें. मला कोणीहि कधीं विचारलें नाहीं. चाळीस मुलांच्या वर्गासमोर सत्यावर निबंध सांगणारा मी, एकट्यानें दिव्याशीं बसलों असतां मापाची पट्टी बाजूस ठेवून मोकळा झालों होतों.

सकाळीं चहाच्या वेळीं ही गोष्ट मीं नातवाला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या दुसऱ्या मुलाचें नांव आठवतें तुम्हांला?"

"आठवतें," मी म्हणालों. पहिल्या मुलाच्या गुणांचा बेरीज-आंकडा मी केव्हांच विसरलों. हें नांव मात्र राहिलें.

कोणी म्हणेल, एका शेवंडीनें समुद्र रिता होतो काय? त्याचें उत्तर आपल्याच दाराशीं आहे. मुंबईच्या समुद्रांत चपट्या, बिनमिशांच्या शेवंडीची एक जात होती. यांत्रिक होड्यांच्या ओढजाळ्यांत तिच्या अंडीं धरलेल्या माद्या आणि अपुऱ्या वाढीचीं पोरें सरसकट येत गेलीं, आणि १९९४ च्या सुमारास ती मासेमारी पार बसली. केंद्र सरकारनें २००३ सालीं निर्यातीसाठीं शेवंडींचीं किमान वजनें ठरविलीं; आपल्या किनाऱ्यावरील वर सांगितलेल्या जातीस ३०० ग्रॅम. पण तोंपर्यंत त्या चपट्या जातीची मासेमारी बुडून बरींच वर्षें लोटलीं होतीं. समुद्राच्या तळाशीं शिपाई उभा करतां येत नाहीं. तेथें जें कांहीं वांचावयाचें तें धरणाऱ्याच्या मनगटास बांधलेल्या पट्टीनेंच वांचतें.

घरच्या खटल्याचा निकाल मीं असा दिला: जोडीदारावांचून पाण्यांत उतरूं नये, हवेचा काटा शिकारीपेक्षां आधीं पाहावा, ठरलेल्या वेळेस किनाऱ्यावर यावें, हात रिकामे असले तरी, आणि जें धरलें जाईल तें आजीच्या स्वयंपाकघरांत येऊं नये. जीव घेण्याच्या प्रश्नावर मीं निकाल राखून ठेवला आहे. माझें अन्न निराळें, माझे संस्कार निराळे. त्यांचा त्याग मला ह्या वयांत करावयाचा नाहीं आणि ते त्याच्यावर लादावयाचेहि नाहींत. आजीला हा निकाल अर्धाच मान्य झाला.

पुढच्या पंधरवड्यांत तो पुनः गेला आणि वेळेवर परतला. दोन शेवंडी मिळाल्या होत्या. त्या मित्राच्या घरीं परस्पर गेल्या. तो आंघोळ करून आला तेव्हां आजी देवघरापुढें वाती वळीत बसली होती. ज्या पदार्थाचें नांवहि ती उच्चारीत नाहीं, त्याविषयीं मान वर न करतां तिनें विचारलें,

"मापाच्या होत्या ना रे?"