उभें आणि आडवें

आमच्या घरीं सकाळीं सहा वाजतां वर्तमानपत्र येतें आणि साडेसहाच्या आंत त्याचीं पानें वेगवेगळीं होतात. राजकारणाचें पान चिरंजीवांकडे जातें, बाजारभावांचें पुतण्याकडे, खेळांचें नातवंडांकडे. आणि ज्या पानावर शब्दकोडें असतें तें पान कोणीं न सांगतां स्वयंपाकघरांत जातें. तेथें आमच्या थोरल्या वहिनी, वय वर्षें एक्याऐंशी, चहाचें आधण ठेवून तें ओट्याच्या कडेला पसरतात आणि पेन्सिलीचा बोटभर तुकडा घेऊन बसतात. आम्हांस त्या पानाचें दर्शन घडतें तें साडेसातनंतर, आणि तेंही वहिनींचें कोठें अडलें असेल तर.

एका वाचक भगिनींनीं आम्हांस पत्र लिहून विचारलें आहे कीं, शब्दकोडें सोडवूं लागलें म्हणजे सासूबाई वेळ फुकट जातो असें म्हणतात. शिवाय निम्म्याहून अधिक घरें रिकामींच राहतात. तर संकेत समजून घेण्याची कांहीं रीत आहे काय? रीत आम्ही यथाशक्ति सांगूं. परंतु आधीं सासूबाईंची बाजू ऐकून घेतली पाहिजे, कारण ती बाजू आमच्या घरांत एके काळीं वेदवाक्य मानली जात असे.

आमच्या आजोबांचे धाकटे बंधु मुंबईस एका कचेरींत कारकून होते. १९४० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांची जी साथ आली तींत ते सांपडले. साथ म्हणण्याचें कारण असें कीं, त्या कोड्यांचा स्वभावच चिकटण्याचा होता. मासल्यादाखल आम्हीच एक संकेत करतों : ‘म्हातारपणीं ह्याचा आधार वाटतो’, शब्द दोन अक्षरी, दुसरें अक्षर ‘त्र’ छापलेलें, पहिलें घर रिकामें. तेथें ‘पुत्र’ बसतो, ‘मित्र’ही बसतो. अर्थ दोहोंचा तितकाच चोख. त्या रिकाम्या घरावरून दुसरा कोणताही शब्द जात नसल्यामुळें निर्णय करण्यास साधन नाहीं. खरें उत्तर आधींच एका पाकिटांत बंद करून ठेवलेलें. त्याच्याशीं जुळेल तो शहाणा. मग मनुष्य काय करतो? दोन्ही उत्तरांच्या दोन पत्रिका पाठवितो आणि दोन वेळां फी भरतो. असे दुहेरी संकेत दहा असले तर सर्व शक्यतांच्या पत्रिका १,०२४ होतात. आमच्या धाकट्या आजोबांचें गणित चांगलें होतें, हेंच त्यांचें दुर्दैव. आधीं पगार गेला, मग काकी-आजींच्या पाटल्या गेल्या, आणि त्यांच्यामागून बिलवरही गेले.

१९४८ सालीं मुंबई सरकारनें अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा केला. पुढें १९५५ सालीं मध्यवर्ती सरकारचा कायदा आला आणि महिन्यास एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसें लावण्यास मनाई झाली. स्पर्धा चालविणारे सर्वोच्च न्यायालयांत गेले. परंतु १९५७ सालीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, ज्या स्पर्धेंतील यश कौशल्यावर फारसें अवलंबून नाहीं ती स्पर्धा जुगारच होय, आणि व्यापाराच्या स्वातंत्र्याचा आधार जुगाराला घेतां येत नाहीं. निर्णय उत्तम होता. तो होईपर्यंत पाटल्या वितळून दुसऱ्या कोणाच्या तरी हातांत गेल्या होत्या, एवढेंच. आमच्या वडिलांनीं मात्र ह्या घरांत कोडें म्हणून येतां कामा नये असें फर्माविलें, आणि पुढें कित्येक वर्षें वर्तमानपत्र आलें कीं त्यांतील कोड्याचा चौकोन ते स्वहस्तें कातरीनें कापून काढीत. त्या कातरीच्या राज्यांत वहिनी सून म्हणून आल्या. आम्ही तेव्हां बिगारींत होतों. शेजारच्यांची रद्दी फडताळांत घालण्यासाठीं मागून आणावी, आणि डब्यांखालचे कागद बदलण्याच्या निमित्तानें त्यांतील कोडीं सोडवावीं, हा त्यांचा क्रम आम्हांस मोठेपणीं कळला.

तेव्हां सासूबाईंस सांगावें कीं, भीति खरी आहे, पण ती ह्या चौकोनाची नव्हे. पाकिटांतलें कोडें आणि रोजच्या वर्तमानपत्रांतलें कोडें यांत मुख्य भेद साक्षीदाराचा आहे. लिव्हरपूलच्या आर्थर विननें २१ डिसेंबर १९१३ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्यें पहिलें कोडें छापलें, त्याचा आकार हिऱ्यासारखा होता, तेव्हांपासून आकार पुष्कळ बदलले, परंतु आडव्या शब्दाला उभ्यानें छेदावें हें तत्त्व कायम राहिलें. आडवा शब्द म्हणजे वादीचें म्हणणें. उभा शब्द म्हणजे त्याचा साक्षी. ‘पाणी’ एवढाच संकेत असला तर आमच्यासारख्या अमरकोश घोकलेल्या मनुष्याची फार पंचाईत होते. जल, नीर, तोय, वारि, अंबु, आप : दोन अक्षरांत इतके आणि आणखी कितीतरी. ज्याला एकच शब्द येतो तो सुखानें लिहून मोकळा होतो. शहाणपण एवढेंच कीं, पहिल्या घरांतून जाणारा उभा शब्द आधीं सोडवावा. तेथें ‘तो’ आला कीं बाकीचे अमरकोशांत परत जातात.

ह्या बाबतींत मराठी कोडें इंग्रजी कोड्याहून निराळें आहे, आणि ती गोष्ट सोडविणाराच्या सोयीची आहे. इंग्रजींत एका घरांत एक वर्ण, वर्ण सव्वीस. आमच्या कोड्यांत एका घरांत काना-मात्रेसह सबंध अक्षर. छत्तीस व्यंजनांना बाराखडीनें गुणलें तरी ४३२ अक्षरें होतात, आणि जोडाक्षरें वेगळींच. म्हणून छेदाच्या घरांत एक अक्षर मिळालें तर मराठींत त्याची किंमत मोठी. कोडें रचणाराला मात्र हाच जाच होतो. ‘धैर्य’ असा शब्द त्यानें आडवा घातला कीं शेवटच्या घरांत ‘र्य’ बसलें. आतां ‘र्य’नें आरंभ होणारा उभा शब्द तो कोठून आणणार? बिचारा तेथें काळें घर घालतो. मराठी कोड्यांत काळीं घरें इतकीं कां, असें कोणीं विचारल्यास हें कारण सांगावें.

आतां संकेत. ‘एक फळ’, ‘एक शहर’, ‘मुलीचें नांव’ असले संकेत हल्लीं पुष्कळ दिसतात. ते आम्ही संकेतच मानीत नाहीं. तें पत्ता न लिहिलेलें पाकीट होय. खऱ्या संकेतांत अर्थ झांकलेला असतो, पण असतो. ही विद्या साहेबाची म्हणून नाक मुरडण्याचेंही कारण नाहीं. दण्डीनें ‘काव्यादर्शां’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. बाणाच्या ‘कादंबरीं’त शूद्रक राजाचे दिवस ज्या विनोदांत जात त्यांत अक्षरच्युतक, मात्राच्युतक आणि बिन्दुमती यांचीं नांवें येतात. बिन्दुमती म्हणजे व्यंजनांच्या जागीं नुसतीं टिंबें मांडून त्यांवर स्वरांच्या खुणा द्यावयाच्या, आणि तेवढ्यावरून श्लोक ओळखावयाचा. रिकाम्या घरांचा हा खेळ नव्हे तर दुसरा कोणता?

अक्षरच्युतक आजही जिवंत आहे. ‘कमळाचें पोट रिकामें झालें आणि दुखूं लागलें’ : उत्तर ‘कळ’. मधला ‘म’ गेला कीं झालें. ‘बाळाचा काना काढला कीं अंगीं येतें’ तें ‘बळ’, हें मात्राच्युतक. ‘उलटें केलें तरी सोनेंच’, तर ‘कनक’. आणि श्लेषाचा मासला : ‘तोंडांतही असतो, झाडावरही असतो, पाटावरही बसतो’. वाचकांपैकीं बहुतेकांनीं हा शब्द मुंजीपासून अंगावर वागविला आहे. दांत, पक्षी आणि ब्राह्मण ह्या तिघांनाही आपण ‘द्विज’ म्हणतों. अशा संकेतांत वाक्य एक बोलतें आणि शब्द दुसरें बोलतात. वाक्याच्या चित्रानें भुलूं नये. ‘उलटें’, ‘रिकामें’, ‘काढला’, ‘गळाला’ असे शब्द दिसले कीं तेथें अर्थाचें काम नसून अक्षरांचें काम आहे असें समजावें.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही वर्गांत रोज सांगत असूं : व्याकरण पाहा. संकेत स्त्रीलिंगी असेल तर उत्तर स्त्रीलिंगी असतें, अनेकवचनी असेल तर अनेकवचनी. विशेषणाचें उत्तर विशेषण आणि क्रियापदाचें क्रियापद. निम्मीं चुकीचीं उत्तरें एवढ्यानेंच गळून पडतात. आणि शाईनें लिहूं नये. हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

तो अनुभव असा. संकेत होता ‘क्रान्तदर्शी’, दोन अक्षरी. असला संकेत संस्कृत शिकलेल्या मनुष्याला सांपडला म्हणजे त्याला आपली जात भेटल्यासारखें वाटतें. आम्हीं ‘कवि’ असें ठळक शाईनें लिहिलें. त्या दुसऱ्या घरांतून खालीं जाणारा शब्द होता ‘सरस्वतीच्या हातीं असते’, तोही दोन अक्षरी. मनांत आलें तें अर्थात् ‘वीणा’. पण घरांत ‘वि’ बसलेला. ‘विणा’ लिहिणें आमच्या हातून ह्या जन्मीं घडणार नाहीं. पाऊण तास दुसरा शब्द शोधला. शेवटीं कोडें रचणाराच अशुद्ध आहे असा निश्चय करून त्या वर्तमानपत्राच्या संपादकांस एक पत्र लिहावयास घेतलें, आणि सांगण्यास लाज वाटते, तें बरेंच चांगलें उतरलें होतें.

वहिनी भाजी निवडीत होत्या. त्यांनीं चष्मा सारखा करून पान पाहिलें आणि म्हणाल्या, “भाऊजी, तुमचा कवि ऱ्हस्व आहे हो. तो दीर्घ करा, म्हणजे वीणा वाजेल.”

हें पान वाचणारांस ठाऊकच आहे कीं, आमचे अनुस्वार आणि आमचे ह्रस्व इकार येथील संपादक उदार मनानें चालवून घेतात. परंतु १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनानें मान्य केले, आणि त्यांप्रमाणें कवि, गुरु, मति असे संस्कृतांतून आलेले शब्द सुटे लिहितांना शेवटीं दीर्घ लिहावयाचे, समासांत आधीं आले तर ह्रस्व. हा नियम आम्हीं तीस वर्षें मुलांना शिकविला आणि न पाळणारांचे गुण कापले. घरच्या कागदावर मात्र हात पाठशाळेचाच चालतो. चौकोनाला आमची पाठशाळा ठाऊक नाहीं. पत्र खणांत आहे.

ह्या वहिनींविषयीं आणखी एक सांगावयाचें राहिलें. मागें एकदां संकेत आला, ‘नदी उलटली कीं माणूस असा होतो’; दोन अक्षरी. आम्ही लगेच नदीचे पर्याय घेऊन बसलों. सरिता उलटली तर ‘तारिस’, तटिनी उलटली तर ‘नीटित’. कशालाच अर्थ येईना, आणि शिवाय तीं तीन अक्षरें. वहिनी ओट्यापासूनच म्हणाल्या, “दीन. न आणि दी, उलट वाचा.” आम्हीं कोडें रचणाराची फार वाखाणणी केली : अक्षरें उलटून जो शब्द येतो, वाक्याचा अर्थही नेमका तोच, आणि दोन्हींत कोठें ओढाताण नाहीं. असा संकेत वर्षांतून एखादा मिळतो, वगैरे.

वहिनी म्हणाल्या, “त्यांत करामत कसली? आम्ही बारा जुलैला तेंच झालों.”

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला. वहिनींचें माहेर नदीकांठच्या पेठेंत होतें. त्या तेव्हां मॅट्रिकच्या वर्गांत होत्या. घर गेलें, भांडींकुंडीं गेलीं, पुस्तकें गेलीं. पुढें त्या परीक्षेस बसल्या नाहींत, आणि तीन वर्षांनीं आमच्या घरीं आल्या. साठ वर्षें एका छपराखालीं राहून ही परीक्षेची गोष्ट आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळली. आम्हांला शब्द शिकविले ते ह्याच वहिनींनीं, आम्ही बिगारींत असतांना. त्यांची शाळा कोठें थांबली हें विचारण्याचें आमच्या मनांत कधीं आलें नव्हतें.

काय बोलावें हें आम्हांस सुचेना. त्यांनीं ‘दी’ आणि ‘न’ हीं दोन घरें पेन्सिलीनें भरलीं, दूध खालीं उतरविलें, आणि पान आमच्याकडे सरकवून म्हणाल्या, “ह्या न पासून एक उभा आहे, तेवढा बघा. पांच अक्षरी. उलटा वाचला तरी तोच, असं लिहिलंय.”