बारशाचे नाव लग्नात का पुसायचे?

मुलगी झाली की हल्ली नावाचा मोठा शोध सुरू होतो. अर्थ काय? मूळ संस्कृत आहे ना? सान्वी, आर्या, अनन्या! जुन्या प्रभावती, वत्सला आजीच्या पिढीबरोबर मागे पडल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न एवढाच, की इतक्या हौसेने ठेवलेले नाव तिच्याजवळ किती वर्षे राहणार?

मी रामटेकची. आमच्या शेजारच्या नगरधनहून, म्हणजे जुन्या नंदिवर्धनहून, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी प्रभावतीगुप्ता या बाईने राज्य चालवले. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा वारला, मुले लहान, म्हणून कारभार तिच्या हाती आला. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटात वंशावळ आहे ती माहेरची. गोत्रही माहेरचेच, धारण. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली.

‘ती राणी होती, तिला चालले,’ असे कुणी म्हणेल. मग आज लग्नानंतर नाव बदला असे कोणताही कायदा सांगत नाही, तरी साध्या बाईला का चालू नये?

अजूनही ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने नवे नाव लिहितो आणि सगळे कौतुकाने बघतात. पुढे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे. दोन्ही बाया एकच, हे सिद्ध करणारे प्रतिज्ञापत्र तिनेच करायचे. नवऱ्याला लग्न केले म्हणून असला कागद कधी लागत नाही.

नाव बदलूच नये असे मी म्हणत नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुसा’ नावाच्या २८५ मुलींनी ते नकोसे नाव टाकून नवे घेतले. तो बदल त्यांच्यासाठी होता. तांदळातले नाव कुणासाठी असते?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे, वडिलांच्या आधी, आईचे नाव लिहिण्याचा नियम राज्यात आला. चांगले झाले. पण आईचे कुठले नाव? बारशाचे की ताटातले?

मैत्रिणींनो, लेकीच्या नावाचा अर्थ जरूर शोधा. पण ते नाव तिचेच राहील, हे सोयरीक ठरतानाच बोलून घ्या. आणि सुनेचे नाव बदलायला ताट मांडले जाईल, तेव्हा सासू म्हणून आपणच ते उचलून ठेवू या.