आठ वर्षांत चार नावं, आणि लोक अजून एएस/४०० च म्हणतात

मागच्या व्हिडिओत मी छातीठोकपणे सांगितलं होतं की दुकानाचं नाव जुनाट वाटत असेल तर बिनधास्त बदला, गिऱ्हाईक सहा महिन्यांत नवीन नाव शिकतं. आज त्या वाक्यातलं अर्धं मागे घेतोय.

कारण झालं असं. माझा मेहुणा हिंजवडीला आयटीत आहे. काय काम करतोस विचारलं की त्याचं एकच उत्तर असतं, "दाजी, मी एएस फोर हंड्रेडवर आहे." परवा जेवताना तोच म्हणाला, "तसं हे नाव आयबीएमने २००० सालीच सोडलं म्हणा." मी म्हटलं, मग तू का धरून बसलायस? तर म्हणे, "दुसरं नाव सांगितलं तर एचआरला पण कळत नाही." मग मी दोन रात्री बसून या मशीनचा सगळा इतिहास वाचून काढला. ब्रँडिंग शिकवणाऱ्या माणसाने वाचावाच असा आहे.

एएस/४०० हा कॉम्प्युटर जून १९८८ मध्ये जाहीर झाला. एएस म्हणजे ॲप्लिकेशन सिस्टिम. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे, तिथल्या आयबीएमच्या कारखान्यात तो तयार झाला. गिऱ्हाईक कोण? मोठ्या महामंडळांपेक्षा आपल्यासारखेच जरा मोठे झालेले धंदे. घाऊक व्यापारी, कारखाने, गोदामवाले, छोट्या बँका. मशीनमध्ये डेटाबेस आधीपासूनच बसवलेला, सुरक्षा आतच. वेगवेगळ्या दहा गोष्टी आणून जोडायच्या भानगडी नाहीत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, ऑर्डर टाका, चलन काढा, स्टॉक बघा. बंद पडत नाही अशी ख्याती. १९९० मध्ये रॉचेस्टरच्या या कारखान्याला अमेरिकेचा बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कारही मिळाला.

आता खरी गंमत बघा. १९९५ मध्ये त्यांनी मशीनचं काळीजच बदललं. ४८ बिटचा जुना प्रोसेसर काढून ६४ बिटचा नवीन बसवला. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर असं झालं असतं तर सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहायला घ्यावे लागले असते. इथे प्रोग्रॅम आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक थर ठेवलेला होता, त्यामुळे गिऱ्हाइकांचे बहुतेक जुने प्रोग्रॅम मशीननेच नव्या प्रोसेसरसाठी बदलून घेतले. आत एवढी उलथापालथ झाली, पण बाहेरच्या नावाला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी गोदामातला माणूस कामावर आला आणि नेहमीसारखं चलन काढू लागला. ज्या नावावर लोकांचा जीव बसला ना, तो असा बसलाय.

पुढे मार्केटिंगवाले आले. (मीही त्याच जातीचा, म्हणून बोलायचा हक्क आहे.) तो काळ इंटरनेटचा, जिकडेतिकडे ई लावायची टूम. २००० मध्ये नाव झालं ई-सर्व्हर आय-सिरीज. २००४ मध्ये आय-५. २००६ मध्ये सिस्टिम आय. २००८ मध्ये कंपनीने हे मशीन आणि तिचं दुसरं एक मशीन एकत्र करून दोन्हीला पॉवर सिस्टिम्स म्हटलं, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला नाव दिलं आयबीएम आय. आठ वर्षांत चार बारशी!

मुंबईकरांनी हे मोबाईलमध्ये भोगलंय. ऑरेंजचं हच, हचचं व्होडाफोन, आता व्हीआय. सिमकार्ड तेच, नंबर तोच. पण तिथे निदान हचचं व्होडाफोन होताना मालक बदलला होता. इथे मालक पहिल्यापासून एकच.

मला विचाराल तर नाव आवडलं नाही म्हणून लोक अडून बसलेले नाहीत. एएस/४०० म्हटलं की त्यात सगळं यायचं. कोपऱ्यातला तो डबा, आतली सिस्टिम, डेटाबेस, हिरवा पडदा, एवढंच काय, माणसाची नोकरीसुद्धा. "मी एएस/४०० वर आहे" हे पूर्ण वाक्य आहे. २००८ नंतर डब्याचं नाव वेगळं आणि आतल्या सिस्टिमचं वेगळं. जे काम एक शब्द करत होता त्याला आता दोन लागायला लागले, आणि त्यातला एक म्हणजे नुसतं एक अक्षर. 'आय' हे गुगलवर शोधून दाखवा बरं. खुद्द कंपनीलाही जुनं नाव पुरतं पुसता आलेलं नाही. जावा प्रोग्रॅम या मशीनला जोडायला तिची जी फाइल वापरतात, तिचं नाव आजही जेटी४०० आहे.

मग जुनं नाव धरणारे शंभर टक्के बरोबर का? इथे माझं त्यांच्याशीही भांडण आहे. समजा कंपनीत नवीन फायनान्सवाला साहेब आला. त्याने विचारलं, आपला स्टॉक कशावर चालतो? उत्तर आलं, एएस/४०० वर. तो शोधतो, त्याला १९८८ दिसतं. झालं, "एवढं जुनं मशीन? काढून टाका." प्रत्यक्षात त्या खोलीतलं मशीन दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेलं असतं आणि सिस्टिमच्या नव्या आवृत्त्या अजून निघतायत, ७.६ तर २०२५ मध्ये आली. पण चुकीच्या नावापायी चांगलं चाललेलं काम मोडून करोडोंचा नवीन घाट घातला जाऊ शकतो, आणि त्यात ज्यांच्या नोकऱ्या जातील ते हेच, प्रेमाने जुनं नाव घेणारे. नवीन पोरंही असल्या नावाच्या कामाला नाक मुरडतात. म्हणून याच मशीनवर काम करणारे काही जण बाकीच्यांना सारखे टोकत असतात, की बाबांनो, आयबीएम आय म्हणा. मला त्यांचं पटतं. आपसात काय वाटेल ते म्हणा, पण पैसे मंजूर करणाऱ्यासमोर आजचंच नाव घ्या.

पण मूळ चूक बदलणाऱ्याची, हे मी सोडणार नाही. एकदाच बदलून पंचवीस वर्षं तेच रेटलं असतं तर लोक वळले असते. दर दोन-चार वर्षांनी बदललं की माणूस शिकायचंच सोडतो. आता हे नाव शिकलो आणि परत बदललं तर? त्यापेक्षा पहिलंच बरं.

हे लिहिताना माझाच बोर्ड डोळ्यांसमोर येतोय. वडिलांच्या काळापासून आमच्या दुकानाला गावात 'भाऊंचं दुकान' म्हणतात. मी बीबीए करून आलो आणि पहिल्या दिवाळीत इंग्रजी नावाचा चकाचक बोर्ड लावला. त्याच नावाने जीएसटी, बँक खातं, क्यूआर कोड, सगळं. एक दिवस वडिलांच्या वेळच्या एक काकू सामान घेऊन पैसे पाठवायला लागल्या आणि मोबाईलवर नाव बघून थांबल्या. म्हणाल्या, "अरे, हे भलत्याच कुणाला चाललेत पैसे." मी समोर उभा, दुकान माझं, तरी त्यांनी रोख काढून दिले. तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, काकूंचं काय चुकलं? त्या नावाची आणि त्यांची कधी ओळखच करून दिली नव्हती मी.

तर दुरुस्ती अशी. नाव बदलायचंच असेल तर बदला, पण एकदाच. जुनं नाव निदान पाच वर्षं तरी बोर्डावर, बिलावर आणि क्यूआर कोडच्या स्टिकरवर खाली बारीक अक्षरात राहू द्या. लोक तोंडाने जुनंच म्हणतील, म्हणू द्या, फक्त नवीन नावापर्यंतचा रस्ता त्यांना दिसला पाहिजे. मेहुण्याने बायोडेटात तेच केलंय. आधी आयबीएम आय, पुढे कंसात एएस/४००. मीही बोर्डवाल्या पेंटरला गुरुवारी बोलावलंय. इंग्रजी नावाखाली 'भाऊंचं दुकान' एवढंच लिहायचंय, त्याचे तो बाराशे मागतोय.